दारफाळणीच्या आदल्या दिवशी

‘सर, तुम्ही खानविलकरांच्या घरी गेला होतात?’

‘हो, रविवारी दुपारी.’ झिराडकर सर शांतपणे म्हणाले. ‘त्यांच्या मिसेस घरी नव्हत्या. बिचाऱ्यांनी स्वतः चहा केला. साखर घालायची विसरले.’

मी हातातली फाइल बाकावर आपटली. मुंबईच्या शाळा न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात आम्ही उभे होतो आणि आमचा पुकारा व्हायला जेमतेम पंधरा मिनिटं उरली होती. आताच समोरचे वकील सबनीस माझ्याजवळून जाताना हसून म्हणाले होते, ‘काय हो कुंदाबाई, तुमच्या अशिलाने माफी मागितली म्हणे. मग एवढा खटाटोप कशाला?’ मला वाटलं, म्हातारा नेहमीसारखा खडा टाकून पाहतोय. पण सरांच्या चेहऱ्यावरून कळलं, खडा नव्हता.

‘सर, ज्या मुख्याध्यापकाच्या सहीने तुम्हाला बडतर्फ केलं, त्याच्याच घरी जाऊन तुम्ही माफी मागितलीत? आज तो त्यांचा साक्षीदार आहे! वकिलाला एका शब्दाने विचारायचं तरी!’

‘अगं, सोमवारी आमची दारफाळणी होती. वर्षातला सगळ्यात मोठा उपास. त्याच्या आदल्या दिवशी ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्याकडे जाऊन माफी मागायची असते. माणसाचं देणं माणसापाशी मिटवल्याशिवाय देवापुढे काय तोंड घेऊन उभं राहायचं? माझ्या आज्यापासून हे चालत आलंय. त्यात कोर्टाचा काय संबंध?’

‘कोर्टात याला कबुली म्हणतात, सर!’

‘तुझ्याकडेही यायचं होतं,’ ते म्हणाले. ‘पण रविवारी तुझं ऑफिस बंद.’

या माणसाने मला पाचवी ते दहावी चित्रकला शिकवली होती. माझं केळं मिरचीसारखं दिसायचं, तरी त्यांनी मला कधी नापास केलं नाही. तेवढ्या उपकारापोटी मी हा खटला घेतला होता, आणि आता अठ्ठाविसाव्या वर्षी, चार वर्षांच्या वकिलीत, मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतात म्हणजे काय, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

‘बरं, नेमकं काय बोललात त्यांच्याशी? शब्दन् शब्द सांगा.’

‘ते नाही सांगायचं.’

‘असा नियम आहे तुमच्यात?’

‘नियम नाही. पण त्यांनी घरात बसवून माझं ऐकून घेतलं. तेच मी आज तुझ्या हातात दिलं आणि तू ते त्यांच्यावर फेकलंस, तर ती माफी कसली? तो डाव झाला.’

मी बाकावरची फाइल उचलून काखेत मारली.

खटला मुळात एका तसबिरीवरून सुरू झाला होता. शाळा पनवेलच्या बाजूची, नाव सांगत नाही. शाळेच्या रौप्यमहोत्सवाला संस्थेच्या चेअरमननी ‘जगातले कर्तृत्ववान पुरुष’ म्हणून एकवीस तसबिरी भेट दिल्या आणि मोठ्या जिन्यावर ओळीने टांगल्या. खाली नावं रंगवायचं काम अर्थातच चित्रकलेच्या सरांकडे आलं. सरांनी वीस नावं सुरेख अक्षरात रंगवली आणि एक पाटी कोरी सोडली. ती तसबीर हिटलरची होती. मग शिपायाने वेड्यावाकड्या अक्षरात ते नाव लिहिलं.

झिराडकर सर बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. त्यांचे पूर्वज घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. ‘या मातीत आमच्या अंगाला कधी कुणी बोट लावलं नाही,’ हे सर अभिमानाने सांगायचे. म्हणूनच पहिले काही महिने त्यांना वाटत राहिलं की चेअरमनना माहीत नसेल, समजावून सांगितलं की झालं. त्यांनी अर्ज दिला, मग दुसरा दिला. चेअरमन म्हणाले, ‘झिराडकर, तिकडे युरोपात झालं ते झालं. तुमचं इथे काय बिघडलं? माणसाची शिस्त बघा. पोरांनी शिस्त शिकावी एवढाच हेतू आहे.’ शिक्षकांच्या खोलीत कुणी तरी हसत हसत म्हणालं, ‘तुमच्या लोकांना राग येणारच म्हणा.’ वीस वर्षं एकत्र डबा खाल्लेल्या माणसांत सर पहिल्यांदा ‘तुमचे लोक’ झाले.

पुढे सरांच्या पुतण्याची मुलगी शरोन त्या शाळेत पाचवीला आली. इतिहासाच्या बाईंनी वर्गात सहज विचारलं, ‘तू ज्यू ना गं?’ झालं. जिन्यावर, त्या तसबिरीखाली, पोरं तिच्याकडे बघून सरळ हात पुढे उंचावायला लागली. आधी दोघं-तिघं, गंमत म्हणून. मग रोज, रांगेने. पोरीने घरी चकार शब्द काढला नाही. दीड वर्षाने एका मधल्या सुट्टीत सरांनी स्वतः ते पाहिलं. त्यांनी स्टूल आणलं, तसबीर उतरवली, फडक्यात गुंडाळली, मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि कारकुनाकडून पोचपावती घेतली! चोरीचा आळ नको म्हणून पावती घेणारा हा माणूस. तरी आरोपपत्रात शालेय मालमत्ता हलवणं आलं, वरिष्ठांचा अवमान आला, आणि कहर म्हणजे ‘शाळेतील सलोखा बिघडवणे’ हेही आलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना सरांना बडतर्फ केलं. तसबीर दुसऱ्याच दिवशी परत लागली, आणखी मोठा खिळा ठोकून.

आम्ही हरलो तर सर गेले, तसबीर राहिली आणि शरोनला तोच जिना. माझ्या हातात एकच हुकमी पान होतं, ते म्हणजे शरोन. तिच्या तोंडून ऐकल्यावर कोणता न्यायाधीश विरघळणार नाही? ती आलीही होती. व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर, सरांच्या पत्नी रिबकाकाकींना चिकटून, दोन घट्ट वेण्या घालून बसली होती. मी दिलेले प्रश्न पुटपुटत होती.

पण सरांनी बजावलं होतं, ‘तिला पिंजऱ्यात उभी करू नकोस, कुंदा. जे जिन्यावर झालं ते तिला चार अनोळखी पुरुषांपुढे परत करून दाखवायला लावणार? नोकरी गेली तरी चालेल मला.’

‘तिची तयारी आहे, सर.’

‘बारा वर्षांच्या पोरीची तयारी असते कुठे? ती मोठ्यांकडे बघून हो म्हणते.’

शेवटी आमचं ठरलं होतं की खानविलकरांच्या साक्षीतून काही निघालं नाही, तरच शरोन. आणि आता त्या साक्षीत सर स्वतःच दारूगोळा भरून आले होते. पुकारा झाला. मी सरांकडे न बघता आत गेले.

संस्थेने आधी केलेली चौकशी न्यायाधीशांनी रद्द ठरवली होती, म्हणून संस्थेला साक्षीदार इथे नव्याने तपासावे लागत होते. खानविलकर सर उभे राहिले. किडकिडीत माणूस, शर्टाचं वरचं बटण गळ्याशी लावलेलं. मागच्या खुर्चीत चेअरमन मांडीवर पांढरी टोपी ठेवून बसले होते. सबनीसांनी सगळे कागद दाखवून घेतले आणि शेवटी, जेवणानंतर विडा उलगडावा तसं, सावकाश विचारलं, ‘गेल्या रविवारी झिराडकर तुमच्या घरी आले होते?’

‘आले होते.’

‘त्यांनी काय केलं?’

‘हात जोडले. माफी मागितली.’

‘बस. एवढंच विचारायचं होतं.’

न्यायाधीशांनी ते वाक्य टायपिस्टला सांगितलं. यंत्राची टकटक थांबली आणि सगळे माझ्याकडे बघू लागले.

उलटतपासणीला मी उठले. आधी बिनधोक प्रश्न घेतले. तसबिरीविरुद्ध अर्ज आले होते? हो. किती? पाच. तुम्ही काय केलंत? वर पाठवले. वरून उत्तर आलं? नाही. इथवर ठीक होतं. माझे सीनियर नेहमी सांगायचे की उत्तर माहीत नसेल तो प्रश्न साक्षीदाराला कधी विचारू नये. मला पुढचं एकही उत्तर माहीत नव्हतं. खाली बसावं तर माफीचं ते एक वाक्य तसंच कागदावर राहणार आणि बाहेरून शरोनला बोलवावं लागणार. मी सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

‘झिराडकर सरांनी कशाबद्दल माफी मागितली?’

न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘बाई, हा प्रश्न नक्की विचारायचा आहे?’

‘हो, साहेब.’

खानविलकर न्यायाधीशांकडे वळले. मग म्हणाले, ‘ते म्हणाले, सर, त्या दिवशी तसबीर तुमच्या टेबलावर आपटली. तुमच्याशी चढ्या आवाजात बोललो, तेही शिपायासमोर. तुम्ही मुख्याध्यापक आहात. त्याची माफी मागतो.’

‘आणि तसबीर उतरवल्याबद्दल?’

‘ते मीच विचारलं. ते म्हणाले, तसबिरीबद्दल जी माफी मागायची होती ती सकाळीच मागून आलो. मला वाटलं चेअरमनसाहेबांकडे जाऊन आले. मी विचारलं, काय म्हणाले साहेब?’ खानविलकरांनी घसा साफ केला. ‘तर म्हणाले, साहेबांकडे कशाला? शरोनकडे गेलो होतो. ती जिन्यावरून जात होती आणि मी दीड वर्ष अर्ज लिहीत बसलो. स्टूल शाळेतच होतं, हात पोचत होता, तरी अर्ज लिहीत बसलो. उशीर केला म्हणून तिची माफी मागितली.’

मी पुढचा प्रश्न विसरले. सर अजून खिडकीबाहेरच बघत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. कुणी तरी आपलं कपाट सगळ्यांसमोर उघडावं तसं त्यांना वाटलं असणार.

सबनीस उठले. ‘साहेब, ही सगळी ऐकीव गोष्ट आहे. मुद्द्याशी संबंध नाही.’

‘माफीचा विषय तुम्हीच काढलात, सबनीस,’ न्यायाधीश म्हणाले. ‘आता पुरती ऐकू या.’

‘मग तुम्ही काय म्हणालात, सर?’ मी विचारलं. या वेळी वकील म्हणून नाही विचारलं. मला खरंच ऐकायचं होतं.

‘मी विचारलं, तुमच्यात दुसऱ्या धर्माचा माणूस माफी मागायला आला तर चालतो का? ते म्हणाले, चालतो की. पण माझ्याकडे नको. जिची मागायची तिच्याकडे जा.’

‘गेलात?’

‘नाही.’

‘मुलं जिन्यावर तिच्याकडे बघून काय करतात, ते तुम्हाला माहीत होतं?’

मागे चेअरमनची खुर्ची करकरली. खानविलकरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि परत घातलाच नाही.

‘माझ्या खोलीच्या खिडकीतून तो जिना दिसतो,’ ते म्हणाले.

टायपिस्टबाई हात उचलून तशाच बसल्या होत्या. न्यायाधीशांनी हलक्या आवाजात विचारलं, ‘हे तुमचं उत्तर म्हणून लिहून घेऊ? विचार करून सांगा. तुमची नोकरी आहे.’

‘घ्या, साहेब.’

सबनीसांनी आणखी काही विचारलं नाही. मी म्हटलं, ‘साहेब, मला मुलीची साक्ष नोंदवायची नाही.’ हे म्हणताना मला जेवढं हलकं वाटलं तेवढं आजवर कुठला निकाल ऐकून वाटलेलं नाही.

बाहेर आलो तर चेअरमन जिन्याशी थांबले होते. ‘खानविलकर, गाडीत बसा. बोलायचंय,’ ते म्हणाले. खानविलकर त्यांच्या दिशेने चार पावलं गेले. मग वळले आणि व्हरांड्याच्या टोकाच्या बाकापाशी आले. शरोन घाईने उभी राहिली, शाळेत राहायची तशी. ते तिच्यासमोर खाली बसायला गेले, गुडघे वाजले, शेवटी एक हात बाकावर टेकून कसेबसे उकिडवे बसले.

‘शरोन, मला सगळं दिसत होतं,’ ते म्हणाले. ‘मी काही केलं नाही. मला माफ करशील?’

तिने रिबकाकाकींकडे पाहिलं. काकी म्हणाल्या, ‘माझ्याकडं काय बघतेस, बाय? विचारलंय तुला.’

शरोन परत खानविलकरांकडे वळली. मला वाटलं रडेल, नाही तर भीतीने ‘हो सर’ म्हणेल. मोठी माणसं लहान मुलांकडून तेवढंच मागत असतात.

‘सर,’ ती म्हणाली, ‘ती मुलं सगळ्यांसमोर करायची. आणि तुम्ही इथं वर्गातलं कुणी नसताना सांगताय.’

‘मग कुठे सांगू?’

‘प्रार्थनेला.’

खानविलकरांनी मान वळवली. चेअरमन ऐकत होते, आपण ऐकतोय हे दिसावं असेच उभे होते. त्या माणसाच्या एका शब्दावर खानविलकरांची खुर्ची होती, आणि साक्षीने ती आधीच डुगडुगत होती.

‘सोमवारी सांगतो,’ खानविलकर म्हणाले.

चेअरमन एकटेच खाली उतरून गेले. मग खानविलकर आमच्याबरोबर एस.टी.ने परत आले. सरांनी त्यांना खिडकीची जागा दिली. बस सुरू झाली तसं सरांनी विचारलं, ‘चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला यंदा मुलं कोण बसवतंय?’ खानविलकर म्हणाले, ‘कुणीच नाही. रंगपेट्या कपाटात पडून आहेत.’ मग दोघं पनवेलपर्यंत रंगपेट्यांवर बोलत राहिले. त्याच दोघांमध्ये बडतर्फीचा हुकूम होता आणि त्यावर एकाची सही होती, हे शेजारच्या सीटवरून बघणाऱ्या कुणाला खरं वाटलं नसतं. मी व्हरांड्यात ओरडले होते त्याची मला फार लाज वाटली. मी तसं सरांना सांगितलं. ते म्हणाले, ‘माझाच गाढवपणा गं. वकिलाला विचारायला हवं होतं. पण तू नको म्हणाली असतीस.’

निकाल दिवाळीनंतर लागला. सरांना मानाने परत घेण्याचा हुकूम झाला आणि त्यांनी उरलेली नोकरी पुरी करून, चाळीस पोरांना इंटरमिजिएटला बसवून निरोप घेतला. खानविलकरांना कारणे दाखवा नोटीस आली, तिचं उत्तर मीच लिहून दिलं, एक पैसा न घेता. पुढे संस्थेला त्यांना काढायचं धाडस झालं नाही. निकालपत्रात तसबिरीबद्दल एक ओळसुद्धा नव्हती, कारण आमचा अर्ज नोकरीपुरता होता. कोर्ट मागितलं तेवढंच देतं, आणि काही गोष्टी मागायला कायद्यात रकानाच नसतो. हे कळायला मला तो खटला लढावा लागला. त्यानंतर तीस वर्षं मी असे रकाने नसलेले खटलेच जास्त लढले. शाळेतले, कचेऱ्यांतले. कुणाला आडनावावरून बोललेले, कुणाला देवावरून. काही जिंकले, बरेच हरले.

पण माझ्या लेखी सरांचा खटला निकालाच्या आधीच संपला होता, त्या सोमवारी.

सोमवारी दुपारी ऑफिसातला फोन वाजला. मागे वाण्याच्या दुकानातला गलका ऐकू येत होता.

‘कुंदाताई, मी शरोन. खानविलकर सरांनी सांगितलं.’

‘प्रार्थनेला? सगळ्यांसमोर?’

‘हो. ती तसबीर त्यांनी स्वतःच काढली. मग माइक न घेता बोलले. खूप वेळ बोलले. म्हणाले, आपल्या शाळेत एका मुलीला रोज त्रास झाला आणि मी बघत राहिलो. चूक मुलांची थोडी आणि माझी जास्त. तिची मी माफी मागतो. त्यांनी माझं नाव नाही घेतलं, ताई.’

मला जरा राग आला. एवढं केलं आणि नाव घ्यायला काय झालं होतं? ‘नाव नाही घेतलं? मग तुला वाईट वाटलं?’

‘नाही! बरं झालं. नाही तर सगळ्यांनी वळून माझ्याकडेच बघितलं असतं ना.’ ती थांबली. वाणी कुणाला तरी सुटे पैसे मागत होता. ‘सर बोलताना एकेका रांगेकडे बघत होते. पाचवीकडे, सातवीकडे, मागं दहावीच्या मुलांकडे. आमच्या रांगेतल्या सगळ्यांकडे. फक्त माझ्याकडे नाही बघितलं.’

मी फोन कानाशी तसाच धरून ठेवला.

‘म्हणून मग सुट्टीत मीच त्यांच्या खोलीत गेले,’ शरोन म्हणाली, ‘आणि माफ केलं म्हणून सांगून आले.’